उघडी खिडकी आणि लहान मूल

पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या आळींत तीन वर्षांचें एक मूल दुसऱ्या मजल्याच्या खिडकींतून खालीं पडलें. खालीं वाळूचा ढीग होता, म्हणून हाताच्या हाडावर निभावलें. सायंकाळीं सारी आळी त्या घरीं लोटली आणि येणाऱ्या प्रत्येकानें त्या माउलीला एकच प्रश्न केला, "अहो, तुमचें लक्ष होतें कुठें?" श्रोतेहो, विचारणाऱ्यांत मीही होतों, मास्तरांचा प्रश्न म्हणून तो तिला अधिकच लागला असावा. खिडकी जमिनीपासून किती उंच, तिच्याखालीं पलंग कां, हें मात्र आमच्यापैकीं एकानेंही पाहिलें नाहीं. पुढें कित्येक महिने ती खिडकी तशीच उघडी होती.

आम्हांला जें सुचलें नाहीं, तें काम न्यूयॉर्क शहराच्या आरोग्यखात्यानें १९७२ सालीं हातीं घेतलें. त्या शहरांत ब्राँक्स म्हणून एक दाट वस्तीचा विभाग आहे. उन्हाळ्यांत तेथील गरिबांच्या खोल्या तापत. वारा यावा म्हणून खिडक्या सताड उघडाव्या लागत. जागा अपुरी, म्हणून पलंग खिडकीला भिडलेला. आणि पांच वर्षांखालील मूल म्हणजे चढण्याचा मूर्तिमंत छंद! त्यांतून या वयांत शरीराच्या मानानें डोकें जड असतें. मोठा माणूस वांकून पाहतो तेव्हां त्याचा तोल पायांकडे राहतो. मूल वांकलें कीं भार डोक्याकडे जातो आणि तें क्षणांत उलटतें. माश्यांसाठीं लावलेली बारीक जाळी पाहून आईबाप निर्धास्त असत. पण ती जाळी माशीला अडवते, अंगाचा भार टाकणाऱ्या मुलाला नव्हे.

आरोग्यखात्यानें या उपक्रमाला नांव दिलें, "मुलांना उडतां येत नाहीं". पहिली गोष्ट केली ती मोजणीची. पडलेल्या प्रत्येक मुलाची वर्दी रुग्णालयें व पोलीस यांच्याकडून खात्याकडे येऊं लागली. देवीचा वा पटकीचा रोगी आढळल्यावर जशी पूर्वीं त्याच्या घराची पाहणी होत असे, तशी खात्याची परिचारिका त्या घरीं जाई. कार्यकर्ते दारोदार हिंडले, वर्तमानपत्रें व नभोवाणी यांनीं सावधगिरीचा प्रसार केला. शिवाय, आणि हेंच मुख्य, ज्यांच्या घरीं लहान मुलें होतीं अशा सुमारें ४,२०० कुटुंबांना खिडकीला सहज बसवितां येतील असे सुमारें १६,००० लोखंडी कठडे फुकट वांटण्यांत आले. १९७३ ते १९७५ या काळांत ब्राँक्समधील अशा पडझडीचें प्रमाण निम्म्यावर आलें.

उपदेशानें किती झालें आणि लोखंडानें किती, हा वाद कोणी घालील. मी जन्मभर उपदेशाचाच धंदा केला. तरी माझा कौल लोखंडाकडे आहे. चार मुलांच्या आईचें लक्ष दुपारीं तीन वाजतां थकतें; गज थकत नाहीं.

१९७६ सालीं त्या शहरानें नियम केला, कीं दहा वर्षांचें किंवा त्याहून लहान मूल जेथें राहतें, त्या घराच्या खिडक्यांना घरमालकानें कठडे बसविलेच पाहिजेत. आग लागल्यास ज्या खिडकींतून सुटकेच्या जिन्यावर जावयाचें, ती तेवढी मोकळी ठेवावयाची. दरवर्षीं घरमालक भाडेकरूला लेखी विचारतो, आपल्या घरीं एवढें लहान मूल राहतें काय? आमच्या आळीनें विचारलेला प्रश्न आणि हा प्रश्न यांतील अंतर मला फार उशिरां कळलें.

आतां आपल्या घरांकडे पाहूं. मुंबई-पुण्याच्या इमारतींत खिडक्यांना गज दिसतात, पण ते बहुधा चोराच्या भयानें. म्हणून तळमजला बंदिस्त आणि सातवा मजला मोकळा, असा उलटा न्याय! गॅलरीच्या कठड्याला आडव्या पट्ट्या असल्या तर मुलाला ती आयती शिडी होते. पट्ट्या उभ्या असाव्यात. दोन गजांमधील अंतर, न्यूयॉर्कच्या नियमाप्रमाणें, साडेचार इंचांहून अधिक नसावें. कठड्याजवळची कुंडी, चपलांची पेटी, खिडकीखालचा पलंग हीं हलवावयास तर पैही लागत नाहीं. मात्र सारेंच घर गजांनीं चिणून टाकूं नये. एका खिडकीच्या गजांना आंतून उघडणारें दार असावें आणि त्याची किल्ली घरांतील प्रत्येक मोठ्या माणसाला ठाऊक असावी.

अडचण येते ती भाड्याच्या घरांत. मालक म्हणतो, तुम्ही अकरा महिन्यांनीं जाणार, खर्च तुम्हीच करा. भाडेकरू म्हणतो, भिंत तुमची, मीं ती कशाला फोडूं? अशा वेळीं सोसायटीच्या कमिटीनें मध्यें पडावें. जिन्याच्या रंगावर सभेंत दोन तास वाद होतो, तो मीं ऐकला आहे. त्यांतला अर्धा तास काढून कोणत्या मजल्यावर लहान मूल आहे आणि त्याच्या खिडकीला गज आहेत कीं नाहींत, एवढी यादी करतां येईल. गच्चीचा कठडाही त्याच फेरींत मोजावा, आणि तो संक्रांतीपूर्वीं, कारण पतंगामागें मागें सरकणारें मूल पायांखालीं पाहत नाहीं.