पौर्वात्य परिषदा व नाशिकचे शिलालेख

पिंपळगांव बसवंताहून मुंबई–आग्रा रस्त्यानें नाशिक ओलांडलें कीं त्रिरश्मि डोंगरांतील लेणीं दृष्टीस पडतात. तेथील शिलालेखांवर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं सन १८७४ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय पौर्वात्य परिषदेकरितां निबंध लिहिला. निबंध परिषदेस गेला. लेखक जाऊं शकले नाहींत. सन १८८६ मध्यें व्हिएन्नाच्या परिषदेस ते गेले, तें मुंबई सरकारचे प्रतिनिधि म्हणून.

विषय पूर्वेचा, परंतु सभास्थान व बहुतेक सभासद युरोपचे, हें त्या काळचें वैषम्य होय. विद्वत्तेइतकेंच द्रव्य, दूरचा प्रवास व सरकारी नेमणूक यांवर तें आसन अवलंबून असे. सन १९१९ मध्यें पुण्यास भांडारकरांच्याच अध्यक्षतेखालीं पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भरली. सन १८७३ मध्यें पॅरिसास आरंभलेली आंतरराष्ट्रीय परिषद मात्र भारतांत, दिल्लीस, यावयास सन १९६४ उजाडलें. तें तिचें २६ वें अधिवेशन होतें.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, पोथ्या रुमालांत बांधून ठेवूं नयेत. त्यांचें शुद्ध वाचन छापावें. आसन मिळो वा न मिळो, सन १८७४ प्रमाणें लेखकाआधीं लेख तरी पोहोंचेल.