रोमेरच्या दोन पैजा

मंडळी, आज आपण एरिक रोमेर या फ्रेंच दिग्दर्शकाकडे वळू. जन्म 1920 चा, खरं नाव मोरिस शेरेर. आधी साहित्याचा शिक्षक, मग ‘काये द्यु सिनेमा’ या मासिकाचा संपादक. गोदार, त्र्युफो यांच्यापेक्षा वयाने दहा-बारा वर्षांनी मोठा, पण नाव झालं उशिरा. 1969 साली, जवळजवळ पन्नाशीत, ‘मोदच्या घरची रात्र’ या चित्रपटाने.

या चित्रपटात माणसं नुसती बोलत बसतात, अशी तक्रार असते. बोलतात हे खरं. पण कशाबद्दल बोलतात? पास्कालच्या पैजेबद्दल! आणि चित्रपट घडतो क्लेर्मों-फेराँमध्ये, म्हणजे पास्कालच्या जन्मगावी.

ही पैज आम्ही वर्गात फळ्यावर चार चौकोन काढून शिकवायचो. ईश्वर आहे की नाही, हे बुद्धीने ठरत नाही. पण जगायचं तर आहेच, त्यामुळे डाव लावणं टळत नाही. ‘आहे’ धरून जगलो आणि तो निघाला, तर लाभ अनंत. नाही निघाला, तर तोटा मर्यादित.

रोमेर हा हिशेब प्रेमाला लावून बघतो. त्याचा नायक इंजिनिअर आहे, कॅथलिक आहे. चर्चमध्ये एक मुलगी दिसते आणि हीच आपली बायको, असं तो ठरवून टाकतो. अजून तिच्याशी एक शब्द बोललेला नाही बरं का! मग बर्फामुळे मोद या घटस्फोटित, बुद्धिमान स्त्रीच्या घरी त्याला रात्र काढावी लागते. तो मोहात पडतो, मागे सरतो, आणि त्याला तत्त्वाचं नाव देतो. आपल्याला प्रश्न पडतो, ही निष्ठा की नुसती सावधगिरी? ज्यात काही गमवायची तयारी नाही, ती कसली पैज?

दुसरी पैज 1992 च्या ‘हिवाळ्याची गोष्ट’मध्ये. फेलिसीने प्रियकराला चुकीचा पत्ता दिला आणि त्याचा ठावठिकाणा हरवला. पाच वर्षं झाली, पदरात त्याची मुलगी आहे. दोन भले पुरुष तिच्याशी संसार करायला तयार आहेत. ती दोघांना नकार देते. तिचं म्हणणं साधं आहे: तो भेटण्याची शक्यता फार थोडी, पण भेटला तर आनंद एवढा मोठा की त्या आशेवर जगणंही फुकट जात नाही. तिने पास्काल वाचलेला नाही. हे साम्य तिला तिचा ग्रंथपाल मित्र दाखवून देतो.

शेवटी तो तिला बसमध्ये भेटतो. म्हणून तिचा निर्णय बरोबर ठरला का? तर नाही. इथे आपण घाई करू नये. बस आली नसती तरी निर्णय तोच होता आणि तितकाच तिचा होता. पैज निकालावरून जोखायची नसते. ती लावताना माणसाने काय पणाला लावलं, ते बघायचं असतं.

रोमेर 2010 मध्ये गेला. हे दोन चित्रपट लागोपाठ बघा. आधी इंजिनिअर, मग फेलिसी, याच क्रमाने.