आत्मसन्मान रोजच्या सवयींतून वाढतो

माझ्या दवाखान्यात येणारे कितीतरी जण दुखणे सांगण्याआधी स्वतःलाच कमी लेखतात. ‘आम्ही अडाणी माणसं, आमचं काय डॉक्टरसाहेब!’ असे म्हणत बाकाच्या कडेला अंग चोरून बसतात. हा नुसता भिडस्तपणा असता तर काळजी नव्हती. पण स्वतःला कवडीमोल समजणारा माणूस आपल्या शरीराचीही हेळसांड करतो. अंगावरचा बधिर चट्टा महिनोन्‌महिने सदऱ्याखाली झाकतो आणि बोटे वाकू लागल्यावर डॉक्टरकडे येतो. कुष्ठरोगावर सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळते, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. तरीही उशीर होतो, कारण लाज आड येते. म्हणून न्यूनगंड हा आरोग्याचाच प्रश्न आहे.

‘आत्मविश्वास बाळगा’ असे सांगून तो जात नाही. मग कशाने जातो? याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ सापडते. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताईंनी ६ कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू केले. घरादाराने टाकलेल्या या माणसांना बाबांनी भीक नव्हे, काम दिले. त्यांनी खडकाळ जमिनीत विहीर खणली, भाजीपाला पिकवला. सुरुवातीला वरोऱ्याचे लोक ती भाजी घ्यायला धजत नव्हते. पुढे परदेशी स्वयंसेवक येऊन रुग्णांबरोबर राहिले, राबले, तेव्हा ती भीती ओसरली. १९६४ मध्ये तेथे महाविद्यालयही उभे राहिले. लोकांचा मान नंतर मिळाला. आपण निरुपयोगी नाही, हे रुग्णांना त्याआधीच स्वतःच्या हातांनी पटवून दिले होते.

बधिर हातापायांची निगाही अशीच रोजची असते. पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवायचे, राठ कातडी हलके घासायची, तेल लावायचे, संध्याकाळी तळवे पाहून काटा-जखम शोधायची. कोणी शाबासकी देत नाही, पण जखमा टळतात. आपली काळजी आपण घेऊ शकतो, हा धीर त्यातून येतो.

वाचकहो, रोग असो वा नसो, पुढील सवयी आपल्यालाही लावून घेता येतील.

१. रोज एक छोटे काम हाती घ्या आणि पुरे करा. परसातला एक वाफा चालेल, पण अर्धवट सोडू नका.

२. घरातल्या बाईने सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाऊ नये. सर्वांबरोबर बसावे, भाजी-वरण आपल्या ताटातही वाढून घ्यावे. यात रक्तवाढ आहे आणि मानही.

३. ‘माझ्याच्याने होत नाही’ म्हणण्याऐवजी ‘अजून जमले नाही’ म्हणा. मुलांना तर ‘तू बिनकामाचा’ असे कधीच म्हणू नका. ऐकून ऐकून ते त्यांना खरे वाटू लागते.

४. खर्रा सोडताना एखादे दिवशी तोल गेला तर स्वतःला शिव्या देऊ नका. शरमेने माणूस पुन्हा पुडीकडेच वळतो. दुसऱ्या दिवसापासून परत सुरुवात करा.

पहिल्या आठवड्यात फरक जाणवणार नाही. रोवणी केल्या दिवशी धान हाती येत नाही, तसेच हे आहे.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, कशातच मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो सवयींचा प्रश्न राहत नाही. तो आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात दाखवा किंवा १४४१६ या ‘टेली-मानस’च्या मोफत क्रमांकावर बोला. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी बोला. ताप आल्यावर आपण दवाखान्यात जातोच, मनाच्या दुखण्यासाठी जाण्यातही कमीपणा नाही.