कुठे उतरणार?

लोकलच्या लेडीज डब्यात रिकामी झालेली जागा सर्वांत जवळ उभ्या असलेल्या बाईला मिळत नाही, सर्वांत दमलेलीलाही नाही. ती मिळते आधी विचारणारीला. रेल्वेच्या कुठल्याही फलकावर हा नियम लिहिलेला नाही, तरी तो मोडायची सहसा कोणाची छाती होत नाही. माझं घर डोंबिवलीला, ऑफिस दादरला. इतक्या वर्षांच्या जाण्यायेण्यात माणसाच्या स्वभावाबद्दल मला सर्वांत जास्त या नियमाने शिकवलं.

संध्याकाळी दादरला कल्याण फास्टमध्ये कसंबसं शिरायचं, दोन बाकांच्या मधे पाय रोवायचे आणि बसलेलीला विचारायचं, "ताई, कुठे उतरणार?" ती म्हणते, "घाटकोपर." "मग मी बसते हां." ती मान हलवते आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालते. पुढे कुर्ल्याला चढलेली कुणी तिला तेच विचारते, तेव्हा ती माझ्याकडे बोट दाखवते, "ह्यांनी विचारलंय." ना नाव माहीत, ना गाव, पण शब्द दिला तो दिला.

कधी एखादी नवखी पटकन बसते. मग तिसरीच कुणीतरी, जिला त्या जागेतून काडीचाही फायदा नाही, ती कडाडते, "ओ मॅडम, उठा! त्यांनी आधी विचारलंय." मला या तिसरीचं फार अप्रूप वाटतं. तीही उभीच असते, तिचेही पाय दुखत असतात, आणि तरी दुसरीच्या हक्कासाठी ती भांडते. आज हिचा नंबर डावलला तर उद्या आपला डावलतील, हे तिला कळतं. पण नुसता हिशेब असता तर आवाजात एवढा संताप आला नसता. अन्याय समोर दिसला की माणसाला राहवत नाही, हेच खरं.

स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक प्रयोग केला. धडधाकट विद्यार्थ्यांनी बसलेल्या प्रवाशांना सरळ म्हणायचं, मला तुमची जागा द्याल का? कारण सांगायचं नाही. ६८ टक्के प्रवासी उठले किंवा त्यांनी सरकून जागा करून दिली. उभ्याने पुस्तक वाचता येत नाही असं किरकोळ कारण जोडल्यावर मात्र ४२ टक्क्यांनीच जागा दिली. देणाऱ्यांपेक्षा मागणाऱ्यांचे हाल जास्त झाले. खुद्द मिलग्रॅम मागायला गेले तेव्हा शब्द घशात अडकले, आणि जागा मिळाल्यावर ती घेतल्याचं समर्थन म्हणून की काय, त्यांना आजारी माणसासारखं वागावंसं वाटलं. मागण्याची लाज इतकी खोल असते.

म्हणून मला आपल्या प्रश्नाचं मोल वाटतं. इथे कोणी जागा मागत नाही, फक्त स्टेशन विचारते. मागणारीला मान खाली घालावी लागत नाही, देणारीला नाही म्हणण्याचा प्रसंग येत नाही. रोजच्या गर्दीने, कोणी शहाण्याने न सांगता, ही वाट शोधून काढली.

चौथ्या सीटचंही तसंच. बाक तिघींचं, पण चौथी आली की तिघी सरकतात. चौथीचं अर्धं अंग बाकावर, अर्धं बाहेर, एक पाय गर्दीच्या मार्‍याला. खिडकीतली उठली की बाकीच्या आत सरकतात, चौथी नीट टेकते, आणि नंबर लावलेलीला चौथी सीट मिळते. कधी न सरकणारीही भेटते. पर्स मांडीवर घट्ट धरून ती खिडकीबाहेर बघत बसते. तिच्यावर मी मनातून रागावते, पण घरून कोण काय सोसून निघालं आहे हे डब्यात कळत नाही, म्हणून दुसऱ्या बाकाकडे वळते.

या सगळ्याला एक अपवाद आहे. गरोदर बाई किंवा थकलेली आजी आत आली, की आधी विचारल्याचा हक्क सांगत बसायचं नसतं. पण तेव्हाही डबा हक्कदारणीकडेच बघतो. "बसू दे का यांना?" हे तिलाच विचारलं जातं. "बसा ना मावशी," असं तिनेच म्हणायचं, आणि आपला नंबर पुढच्या जागेवर लावायचा.