उतरत्या रेषेचे वाचन

कोंढाणे लेण्यांवर मी केलेला पहिला व्हिडिओ ११ मिनिटांचा होता. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यातली ही बौद्ध लेणी खुद्द कर्जतकरांनीही फारशी पाहिलेली नसतात, म्हणून हौसेने केला. आठवड्याने पुतण्याने यूट्यूबमधला प्रेक्षकांचा आलेख उघडून दाखवला. डावीकडे उंच असलेली रेषा पहिल्या अर्ध्या मिनिटातच निम्म्यावर आली होती. त्या अर्ध्या मिनिटात मी नमस्कार केला होता, स्वतःची ओळख दिली होती आणि त्या दिवशी पाऊस किती होता ते सांगितले होते. लेणे अजून आलेच नव्हते.

प्रत्येक क्षणाला किती टक्के लोक पाहत आहेत, हे ही रेषा सांगते. ती उतरत जाणारच. कुठे उतरते ते पाहायचे. मध्येच ती वर गेली तर लोकांनी तेवढा भाग मागे जाऊन पुन्हा पाहिला, किंवा आधीचे सोडून थेट तिथे उडी मारली. २०१२ साली यूट्यूबने शिफारशी ठरवताना व्हिडिओ किती वेळा उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला महत्त्व दिले. तेव्हापासून या रेषेवर अनेकांचे पोट चालते.

माझ्या घसरणीला आणखी एक कारण होते, ते अभिप्रायांतून कळले. ‘कोंढाणा’ वाचून बरेच जण सिंहगड समजून आले होते. समोर लेणी दिसताच परत गेले. त्यांचे काय चुकले? शीर्षक हे वचन असते आणि ते पाळले जाते आहे की नाही, हे माणूस पहिल्या काही सेकंदांत तपासतो.

दुसऱ्यांदा मी सुरुवात बदलली. चैत्यगृहाच्या डाव्या बाजूला एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे. ‘कण्हाचा शिष्य बलक याने केले’ असा त्याचा अर्थ. थेट त्या अक्षरांवर कॅमेरा नेला आणि विचारले, दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर स्वतःचे नाव कोरणारा हा बलक कोण? या वेळी रेषा बरीच आडवी राहिली.

जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने १९९४ साली कुतूहलाची जी मांडणी केली, ती इथे लागू पडते. ठाऊक असलेले आणि जाणून घ्यावेसे वाटणारे यांच्यातली फट माणसाला बोचते. पण फट दिसायला आधी थोडे ठाऊक असावे लागते. नुसते ‘एक रहस्य’ म्हटल्याने काही होत नाही; ‘बलक’ हे नाव कळले की त्याच्याविषयीचे अज्ञान टोचू लागते. याच संदर्भात ब्लूमा झायगार्निक यांचे १९२७चे प्रयोग नेहमी सांगितले जातात: अर्धवट राहिलेले काम जास्त लक्षात राहते. नंतरच्या प्रयोगांत हे सगळीकडे आढळले नाही. त्यांच्याच काळातल्या मारिया ओव्सियान्किना यांनी दाखवलेली, अर्धवट काम पुन्हा हाती घेण्याची ओढ मात्र अधिक पक्की ठरली. व्हिडिओवाल्यांना खरे तर हीच हवी असते, पण नाव झायगार्निकचे घेतले जाते.

आपल्याकडे हे कीर्तनकारांना पुस्तकांशिवाय ठाऊक होते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण होते, मध्ये नामाचा गजर, बुक्का, हार, आणि मग उत्तररंगातले आख्यान. आख्यान ऐकायचे असेल तर निरूपण ऐकावे लागते. पेंग आलेली मंडळी गजराने जागी होतात. शेवटी सुरुवातीचाच अभंग परत येतो, म्हणजे उघडलेली गाठ बांधली जाते. लहानपणी रामनवमीच्या कीर्तनाला आम्ही पोरे आख्यानासाठीच बसायचो आणि निरूपण नकळत कानावरून जायचे. फरक एवढाच की बुवांना समोरचे चेहरे दिसत. मला फक्त रेषा दिसते, आणि लोक का थांबले ते ती सांगत नाही.

ते मला इर्शाळवाडीने शिकवले. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या त्या ठाकरवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ तारखेला शोध थांबवला गेला. पुढच्या उन्हाळ्यात मी दरडींविषयी १४ मिनिटांचा व्हिडिओ केला: मुरलेले पाणी मातीचा भार कसा वाढवते, तिची पकड कशी सैल करते, आधी कोणती चिन्हे दिसू शकतात. त्यात शेजारच्या एका वाडीतल्या बाई बोलल्या होत्या. बहिणीचे नाव घेताना त्या थांबल्या आणि वीसेक सेकंद नुसत्या रडल्या. आलेखात सर्वांत उंच शिखर नेमके तिथे होते. चिन्हांचा भाग दरीसारखा खोल.

‘‘काका, हेच सुरुवातीला घ्या,’’ पुतण्या म्हणाला. हिशेबाने त्याचे बरोबर होते. दोन दिवस मीही तसाच विचार करत होतो, हे कबूल करतो. बाईंनी बोलायला होकार दिला होता. रडणे पुन्हापुन्हा पाहिले जाण्याला दिला नव्हता.

शेवटी तो व्हिडिओ काढून टाकला आणि सहा मिनिटांचा नवा केला. सुरुवात प्रश्नाने: तुमच्या झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले आहे का? उतारावर नवी भेग दिसते आहे का? झाडे, खांब कलले आहेत का? रडणे कुठेच नाही. सरासरी पाहण्याचा वेळ जुन्यापेक्षा कमीच आला. शिवाय पाहणारे बहुतेक मुंबई-पुण्याचे. डोंगरावरच्या वाड्यांत मोबाइलला रेंजच धड मिळत नाही.

म्हणून पावसाआधी व्हिडिओ फोनमध्ये घेऊन कर्जतच्या बाजूच्या एका वाडीत गेलो. शाळेच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसे जमली. दुसऱ्याच मिनिटाला एका म्हातारीने हात वर केला.

‘‘बंद कर रं जरा. वरच्या अंगाला अशीच भेग हाय. दोन पावसाळं झालं.’’

मग सगळेच बोलू लागले आणि उरलेला व्हिडिओ लागलाच नाही. आम्ही भेग पाहायला वर गेलो, पट्टीने रुंदी मोजली, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या दोघांना घेऊन तहसील कचेरीत अर्ज दिला.