पहिल्या स्क्रीनवर ग्राहक की डाऊनलाइन?

१९८२ साली युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि शहरांतल्या सोसायट्यांमध्ये टाय लावलेले तरुण व्हॅक्यूम क्लीनर घेऊन बेल वाजवू लागले. घरात यायचं, सोफ्यातली धूळ काढून दाखवायची आणि मग किंमत सांगायची, ही त्यांची पद्धत. नव्वदच्या दशकात ऑरिफ्लेम, टपरवेअर, मोदीकेअर, ॲमवे अशा कंपन्या आल्या आणि पगारी सेल्समनच्या जागी शेजारीण, नणंद, ऑफिसातली मैत्रीण माल विकू लागली. सॅम्पल पर्समध्ये, हिशेब वहीत, ऑर्डर फोनवर. या उद्योगाच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये भारतातल्या थेट विक्रीची उलाढाल २१,२८२ कोटी रुपयांवर गेली होती, विक्रेते ८६ लाखांच्या घरात होते, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता.

आज यातला बराचसा व्यवहार व्हॉट्सॲपवर चालतो. कंपनीचा कॅटलॉग पीडीएफ होऊन ग्रुपवर येतो, ग्राहक हव्या त्या क्रीमभोवती गोल करून फोटो परत पाठवते, पैसे यूपीआयने येतात आणि रात्री जेवणं उरकल्यावर विक्रेती हे सगळं कंपनीच्या वेबसाइटवर पुन्हा भरते. मागच्या महिन्याच्या दरांचा फोटो मात्र फॉरवर्ड होतच राहतो. कंपनीला ॲप हवं असतं ते ही फेरनोंद आणि हा घोळ थांबवायला. विक्रेतीची गरज याहून मोठी आहे. या महिन्यात आपण खरोखर किती कमावलं, हे तिला दुसऱ्या कुणाला न विचारता कळायला हवं. ॲप बांधताना घेतलेला प्रत्येक तांत्रिक निर्णय या गरजेशी येऊन भिडतो.

पहिला निर्णय फोनचा. बँक आपल्या वसुली कर्मचाऱ्याला टॅबलेट देऊ शकते. थेट विक्रेता कंपनीचा नोकर नसतो. तो स्वतःचाच फोन वापरतो, आणि तो फोन कधी घरातल्या मुलाने वापरून सोडलेलाही असतो. भारतातल्या दर शंभर स्मार्टफोनांपैकी सुमारे पंच्याण्णव अँड्रॉइडवर चालतात. म्हणून आयफोन सोडूनच द्यावा असं एखाद्या कंपनीला वाटेल, पण हाताखाली विक्रेते जोडून मोठी टीम, म्हणजे डाऊनलाइन, सांभाळणाऱ्या शहरी लीडरच्या आणि सढळ हाताने खर्च करणाऱ्या ग्राहकाच्या हातात तोच असण्याची शक्यता जास्त. दोन्हींसाठी स्वतंत्र ॲप लिहायचं तर अँड्रॉइडला कोटलिन, आयफोनला स्विफ्ट, दोन टीम, दोन वेळा चाचणी. त्यात या धंद्यात स्कीम सतत बदलतात. एकीच्या फोनात नवी स्कीम आणि तिच्याच टीममधल्या दुसरीच्या फोनात जुनी दिसली, तर भांडण तिथेच सुरू होतं. एकदाच लिहिलेल्या कोडमधून दोन्हीकडचं ॲप काढायचं, म्हणजे क्रॉस-प्लॅटफॉर्म बांधणी, ती इथे खर्चाइतकीच या एकवाक्यतेसाठीही हवी.

ही कल्पना जुनी आहे आणि तिच्या नावावर अपयशंही आहेत. २००९ मध्ये आलेल्या फोनगॅपने वेबपान ॲपच्या आवरणात गुंडाळून दिलं. ते चाले, पण अडखळत. फेसबुकनेही आपलं मोबाइल ॲप मोठ्या प्रमाणात वेब तंत्रावर उभं केलं होतं; २०१२ मध्ये मार्क झकरबर्गने ती कंपनीची मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. त्याच कंपनीने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह खुलं केलं. त्यात तर्क जावास्क्रिप्टमध्ये लिहायचा आणि बटणं, याद्या, खिडक्या मात्र फोनच्या स्वतःच्या वापरायच्या. गूगलने डिसेंबर २०१८ मध्ये फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती काढली. फ्लटर फोनची बटणं उसनी घेत नाही. स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका स्वतः रंगवतो. २०१७ मध्ये तेझ या नावाने भारतात सुरू झालेलं गूगल पे पुढे फ्लटरमध्ये नव्याने लिहिलं गेलं. दोन्ही प्लॅटफॉर्म मिळून १७ लाख ओळींचा कोड ११ लाखांवर आला, असं गूगलने सांगितलं आहे. उलट उदाहरणही आहे. एअरबीएनबीने २०१८ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सोडलं, कारण दोन प्लॅटफॉर्मऐवजी तीन सांभाळावे लागत असल्यासारखी त्यांची अवस्था झाली होती. मायक्रोसॉफ्टने झॅमरिन या आपल्या क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनाचा आधार मे २०२४ मध्ये काढून घेतला, तेव्हा त्यावर ॲप बांधलेल्यांना स्थलांतर करावं लागलं.

कॅटलॉग, ऑर्डरचा फॉर्म, ग्राहकांची यादी आणि हिशेब, एवढंच ज्याचं काम आहे त्या ॲपला रिॲक्ट नेटिव्ह किंवा फ्लटर दोन्ही पुरे पडतात. आपल्या गावात कोणत्या तंत्राची माणसं मिळतात, हे पाहून निवड करावी. निवडीवर महिने घालवण्यापेक्षा स्वस्त, तीन-चार वर्षं जुना अँड्रॉइड फोन आणून त्यावर रोज चाचणी करणं जास्त उपयोगाचं. विकसकाच्या टेबलावरच्या महागड्या फोनात सगळंच वेगाने धावतं. ज्या फोनची जागा लग्नाच्या व्हिडिओंनी भरली आहे, तिथे जड ॲप डाउनलोडच होत नाही.

मराठीचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवायचा असतो. इंग्रजीत ॲप तयार करून शेवटी भाषांतराची फाइल जोडली की ‘ऑर्डरची पुष्टी करा’ हे बटणात मावत नाही, आणि कुणीतरी ते ‘ऑर्डरची पु...’ असं कापून टाकतं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य नीट जुळतो का, हे प्रत्येक प्रकारच्या फोनवर पाहावं लागतं. काही फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी साठवलेली असतात. मजकूर मराठी आहे अशी खूण ॲपने दिली तरच ती दिसतात, नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं येतात. रकमेतले स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने पडायला हवेत. ‘100,000’ असा आकडा पाहून विक्रेतीला क्षणभर थांबून शून्यं मोजावी लागली, तर ॲप तिच्यासाठी बांधलेलं नाही.

सगळ्यात जास्त मेहनत नेटवर्क नसतानाच्या कामावर घ्यावी लागते. मोखाडा किंवा भामरागड तर सोडाच, मुंबईतल्या एखाद्या इमारतीच्या तळघरातल्या ब्यूटी पार्लरमध्येही रेंज जाते. ग्राहक हो म्हणते त्या क्षणी ऑर्डर घेता आली नाही, तर ती बहुतेक वेळा हातची जाते. म्हणून ॲपने आधी फोनातच सगळं लिहायचं आणि नेट आलं की कंपनीच्या सर्व्हरला कळवायचं. फोनातल्या या साठवणीसाठी सर्रास वापरला जाणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये लिहिला. ते तेव्हा अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेवरच्या सॉफ्टवेअरचं काम करत होते, आणि डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला तरी प्रोग्रॅम अडू नये ही त्यामागची गरज होती. विक्रेतीची गरज नेमकी तीच आहे.

फोनात लिहून ठेवणं तसं सोपं. अवघड भाग पुढे येतो. ऑर्डर पाठवली, सर्व्हरला पोचली, पण ‘पोचली’ हा निरोप परत येता येता रेंज गेली. ॲपला वाटतं गेलीच नाही, ते पुन्हा पाठवतं, आणि एका साबणाच्या खोक्याऐवजी दोन खोकी दारात येतात. यावर उपाय असा, की ऑर्डर जन्मते तेव्हाच फोनने तिला एक अद्वितीय क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवी ऑर्डर करत नाही, जुनीच पोचपावती परत देतो. दुसरी अडचण दरांची. ३१ तारखेला ऑफलाइन घेतलेली ऑर्डर १ तारखेला पोचली आणि मधल्या रात्री भाव वाढला, तर? ऑर्डरबरोबर ती कोणत्या दरपत्रकावरून घेतली याची नोंद जायला हवी. भाव बदलला असेल तर पक्कं करण्याआधी विक्रेतीला तसं स्पष्ट दाखवायला हवं. गुपचूप नवा भाव लावणारं ॲप तिला तिच्याच ग्राहकासमोर खोटं पाडतं. आणि ग्राहक तिची वहिनी असते.

पैशांचंही तसंच. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून वसुली सोपी झाली, पण पैसे कापले गेले आणि ॲपमध्ये ‘अयशस्वी’ दिसलं, हा अनुभव अनेकांना आला आहे. पेमेंट ॲपमधून परतलेल्या संदेशावर विसंबू नये. पैसे आले की नाही याची खात्री कंपनीच्या सर्व्हरने पेमेंट कंपनीकडून करून घ्यावी आणि तोवर ‘तपासत आहोत’ असं लिहावं. साबण, डबे, प्रोटीन पावडर अशा वस्तूंच्या विक्रीवर ॲपल किंवा गूगलची ॲप-दुकानं आपल्या बिलिंगमधून वाटा मागत नाहीत, हा त्यातल्या त्यात दिलासा.

आता कमिशन. या धंद्याची भाषा वेगळी आहे: पीव्ही आणि बीव्ही (मालाला दिलेले पॉइंट), अपलाइन (वरची साखळी), डाऊनलाइन (खालची साखळी), लेग (खालच्या साखळीची एक शाखा), क्लोजिंग (महिन्याचा हिशेब बंद होणं). एका डब्याची विक्री झाली की तिचे पॉइंट विकणाऱ्याला मिळतात आणि त्याच्या वरच्या साखळीतल्या प्रत्येकाच्या गटातही मोजले जातात. साखळी खोल असेल तर एका ऑर्डरमागे अनेक बेरजा बदलतात. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, आपली कमिशनची पातळी टिकवायला सगळेच उरलेले पॉइंट पुरे करू पाहतात, आणि महिनाभर निवांत असलेला सर्व्हर त्या रात्री गुदमरतो. म्हणून ही गणितं फोनात करू नयेत. सर्व्हरवर ती आधीच करून ठेवावीत आणि फोनला फक्त निकाल आणि त्याची फोड पाठवावी. फोड महत्त्वाची. कोणत्या विक्रीतून किती आले, परत आलेल्या मालाचे किती वजा झाले, टीडीएस किती कापला, हे ओळीओळीने दिसायला हवं. क्लोजिंग होईपर्यंत आकड्याखाली ‘अंदाजे’ लिहावं. आणि एक रकाना बहुतेक कंपन्यांना आवडणार नाही, तरी तो असलाच पाहिजे: विक्रेतीने स्वतः विकत घेतलेल्या मालाचा खर्च. कमिशनमधून तो वजा केल्याशिवाय कमाई कळत नाही. पातळी टिकवण्यासाठी स्वतःच माल घेऊन कपाटात साठवणारी बाई नफ्यात आहे की तोट्यात, हे तिला त्याच महिन्यात समजायला हवं.

इथे कायदा येतो. १९७८ च्या कायद्याने पैसे फिरवणाऱ्या योजनांवर बंदी आहेच. २८ डिसेंबर २०२१ रोजी केंद्राने ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम जाहीर केले आणि माणसं जोडण्याबद्दलच पैसे देणाऱ्या पिरॅमिड योजना चालवायला थेट विक्री कंपन्यांना मनाई केली. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. स्वतःची आणि कंपनीची ओळख, मालाची किंमत, परतीच्या अटी ग्राहकाला सांगायच्या. कंपनीने तक्रारीची पोच कामकाजाच्या ४८ तासांत द्यायची. ही सगळी कलमं ॲपमध्ये सहज बसतात. फोनात दिसणारं ओळखपत्र, भेटीची वेळ मागणारा निरोप, ऑर्डरबरोबर आपोआप जाणारी परतीच्या अटींची पावती, तक्रारीला लगेच मिळणारा क्रमांक. नियम पाठ करून घेण्याऐवजी ते पाळणं हाच सोपा रस्ता करून ठेवायचा.

माल विकणं आणि माणसं जोडणं यांत कायदा फरक करतो, म्हणूनच पहिली स्क्रीन निर्णायक ठरते. ॲप उघडल्यावर मोठ्या अक्षरात ‘टीममध्ये नवीन सदस्य जोडा’ आणि खाली चमकणारी पातळीची शिडी दिसली, तर कंपनीला तिच्याकडून काय हवं आहे ते स्पष्ट होतं. तिथे ‘मेधाताईंचं तेल संपत आलं असेल’, ‘दोन ग्राहकांकडून ८५० रुपये येणं’, ‘आज पोचवायच्या तीन ऑर्डर’ असं दिसलं, तर ते ॲप विक्रीचं आहे. कोडच्या दृष्टीने दोन्ही स्क्रीन सारख्याच मेहनतीच्या आहेत. निवड तंत्रज्ञ करत नाही, कंपनीचा मालक करतो, आणि ती लपत नाही.

फोनबुकाची परवानगी हाही असाच कसोटीचा मुद्दा. ‘संभाव्य ग्राहक शोधण्यासाठी’ सगळे संपर्क सर्व्हरवर उचलून नेणारं ॲप त्या शेकडो माणसांना विचारत नाही. गूगलने एसएमएस आणि कॉल-नोंदींच्या परवानग्यांवर २०१८ मध्ये कडक बंधनं घातली. ॲपलने २०२४ च्या आयओएस १८ मध्ये ठरावीक संपर्कच देण्याची सोय केली. भारताचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्याचा पाया संमती आहे. विक्रेतीने ग्राहकाचं नाव स्वतः निवडून ॲपमध्ये घालावं. एवढी माहिती कामाला पुरते.

आणि सोडून जाण्याची वाट. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांपासून विक्रेत्याला विचार बदलण्याची मुदत आणि विकण्याजोगा माल परत देण्याची सोय अपेक्षित आहे. ॲपमध्ये ती शोधू जावं तर सेटिंगच्या कुठल्यातरी कोपऱ्यात हेल्पलाइनचा नंबर तेवढा मिळावा, हे पुरेसं नाही. ‘काम थांबवायचं आहे’ असं एक बटण असावं. ते दाबल्यावर परत करायच्या मालाची यादी, मिळायचं कमिशन आणि ते जमा होण्याची तारीख दिसावी. ग्राहकांच्या उधारीची यादी एका साध्या फाइलीत उतरवून घेता यावी, आणि त्यासाठी तिला अपलाइनला फोन करावा लागता कामा नये.