अँटेना आकाशात

परभणीकरांना विमानासाठी सर्वांत जवळ नांदेड. अशा लहान विमानतळांना उपग्रहाधारित मार्गदर्शनच परवडेल, असं माझं मत आहे. आयएलएसला, म्हणजे विमानाला उतरताना दिशा आणि उंची दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेला, धावपट्टीच्या प्रत्येक टोकासाठी वेगळे अँटेना लागतात, शिवाय त्यांची कायमची देखभाल आलीच. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ यंत्रणा जीपीएसमधल्या चुकांच्या दुरुस्त्या भूस्थिर उपग्रहांमार्फत देशभर पाठवते. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान तिच्याच आधारे राजस्थानातल्या किशनगढला उतरलं. उपग्रहाचा संदेश क्षीण असतो, तो दाबता येतो, खोटाही पाठवता येतो, हा आक्षेप खराच. म्हणून मोठ्या विमानतळांवर आयएलएस जरूर राखावं. पण जिथे ते परवडतच नाही, तिथे गगनची तुलना आयएलएसशी नव्हे, वैमानिकाच्या नुसत्या नजरेशी करायला हवी. अर्थात विमानात तसा रिसीव्हर हवा. तो सगळ्यांत नसतो.